मला काय धाड भरलीय

आई,

तुझ्यावर मी चिडलेय. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. पण होतीस तेव्हा तू चिडायला सवड कुठं दिलीस?

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षी, दसऱ्याच्या तोंडावर, शेजारच्या जिल्ह्यात प्लेग आल्याची आवई उठली. तू सरकारी दवाखान्यात नर्स. शहाणीसुरती माणसं तोंडाला रुमाल बांधून घरात बसली आणि तू कॅप्सुलांची पिशवी खांद्याला लावून खेडोपाडी हिंडायला लागलीस. संध्याकाळी यायचीस, अंगणातच कडुनिंबाच्या पाण्यानं अंघोळ करायचीस आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या भाकरी खायचीस. झोप तर नव्हतीच; कुशी बदलताना बांगड्या वाजायच्या. शेजारची खाला भिंतीवरून म्हणायची, "बाई, दुनिया कू दवा देतीं, अपने जी पो बी थोडा रहम करो ना." तू हसून म्हणायचीस, "मला काय धाड भरलीय?"

रहम! खालाकडं त्याला शब्द तरी होता. आपल्यात स्वतःवर दया केली की ती कीव, अंग टाकलं की सोंग आणि डोळ्यांत पाणी आलं की नाटक. मी एकदा म्हणाले, "आई, मला लय भ्या वाटायलंय." तू म्हणालीस, "भ्यायला तू काय कुकुलं बाळ हायस? ऊठ, भांडी घास." घासली. भांड्यांबरोबर भीतीही लख्ख झाली, गेली मात्र नाही.

तेही मी सोडून दिलं असतं. पण त्याच आठवड्यात तू मला सोबतीला पेडगावला नेलंस. एक म्हातारी गोळीच घेईना. कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. "मी मरायले का ओ, शिस्टरबाई?" तू खाली शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसतेस, तिचा हात हातात घेतेस. "भ्या वाटतंच की माय. कुणाला न्हाई वाटत? मी बसते जरा. तू रड निवांत." हा आवाज मी तुझ्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता! म्हणजे माया होती तुझ्याकडं, पिशवी भरून होती. वाटून वाटून घराच्या उंबऱ्याशी येईतो संपलेली असायची. घरी आल्यावर भाकरी करपली, तर तू स्वतःला म्हणालीस, "मर मेले, एवढंबी जमंना तुला!" वैऱ्यालाही कुणी असं बोलत नाही. बोललं तर मारामारी होते.

साथ ओसरली. शाल, नारळ, माईक. पुढारी म्हणाले, "बाई म्हंजे त्यागाची मूर्ती!" टाळ्या. मूर्तीचं एक बरं असतं, तिला कुणी झोप लागते का म्हणून विचारत नाही. छातीवर हात दाबून पित्त आहे, पित्त आहे, म्हणत तू गेलीस. आम्हीही पित्तच म्हणालो.

आता मी तुझ्या वयाची झाले. विनोदी कार्यक्रमांत लोकांची टर उडवून पोट भरते. परवाच्या करोनाच्या साथीत घराची दारं बंद झाली तेव्हा गेलेली झोप दारं उघडल्यावरही परत आली नाही. परभणीला मनाच्या डॉक्टरबाईंकडं गेले. त्यांनी विचारलं, "स्वतःशी कसं बोलता?" मी म्हणाले, "मेले म्हणते, लाडानं." त्या हसल्या नाहीत. माझ्या विनोदाला न हसणारं माणूस मला खपत नाही, हे तुला माहीत नाही; माझ्या विनोदाला तूही कधी हसली नाहीस.

हे पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही. पण खरं सांगते. डॉक्टरबाईंनी पत्र लिहायला सांगितलं होतं ते माझं मलाच, आजाऱ्याशी मायेनं बोलावं तसं. दोनदा कागद घेऊन बसले. स्वतःला हाक काय मारायची तेच सुचेना, म्हणून "आई" लिहिलं.