बाबांचा उरलेला एकच शब्द

१४ जून, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. बाबांचा उजवा पाय चोळून झाला, हाताचे तेल पुसून लिहीत आहे.

आदरणीय दादा, नमस्कार. तुझी प्रकृती उत्तम असेल (ती नेहमीच असते). आईची कंबर सोडल्यास इकडेही ठीक.

बाबांना पक्षाघात होऊन (शब्द डॉक्टरीणबाईंच्या कागदावरून ताडून घेतला आहे) एकेचाळीस दिवस झाले. बाई म्हणाल्या, मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली, आणि ती बाजू उजवे अंग चालवते. बोलणेही बहुधा तिथूनच होते. म्हणून उजवा हात-पाय लुळा. ऐकलेले सगळे कळते, पण बोलायला जावे तर एकच शब्द निघतो. तो शब्द तू आहेस. पाणी हवे, दादा. लघवीचे भांडे हवे, दादा. मी भांडे घेऊन पळतो, तर माझ्याकडे बघून म्हणतात, दादा. मी बाईंना विचारले, हाच शब्द का? म्हणाल्या, "कुणाचा 'हो' उरतो, कुणाचा 'चहा'. त्यात प्रेम शोधू नका." मी शोधत नव्हतो. पण चहा उरला असता तर मला चालले असते. तू रविवारी चार मिनिटे फोन करतोस, बाकीचा आठवडा मी तुझ्या नावाने राबतो.

शिलाईचे दुकान बंद पडू नये म्हणून परवा मीच डगला कापायला घेतला (बाबांची खाट दुकानातच मांडली आहे). कापड दुमडून दोन्ही बाह्या एकदम कापायच्या असतात. मी जास्त काळजी घेऊन एकेक कापली, आणि दोन्ही डाव्या निघाल्या. बाबा बघत होते. एकदम खणखणीत म्हणाले, "गाढवा, डोळे फुटले का तुझे?"

आईच्या हातून वाटी पडली. मी बाहेर जाऊन रडून आलो. बाई म्हणाल्या, ठरवून बोलणे जमत नसले तरी तोंडात बसलेल्या शिव्या कधीकधी आपोआप निघतात. बसलेल्या, दादा. तेवीस वर्षे त्या बसवून घ्यायला समोर मीच होतो. तुला त्यांनी कधी साधे मूर्खही म्हटले नाही.

तुझा धाकटा

ता. क. आठ दिवस ये. आईला आता वाकवत नाही, आणि बाबांना एकट्याने उचलताना मला पडायची भीती वाटते. तू असताना 'दादा' ऐकू आले की भांडे तू आणायचे.

पुन्हा ता. क. कात्रीला मात्र हात लावू नकोस. ते तुलाही गाढव म्हणाले तर मला सहन होणार नाही.

हिशेब: आजवर 'दादा', मोजणे सोडले. 'गाढवा', एक. खर्च, एका बाहीचे कापड. उद्या आणखी एक बाही डावीच कापणार आहे.