दुनाळीची काही चूक नाही

अण्णा,

उद्या सकाळी एक चांगली बंदूक कायमची निकामी होणार आहे, आणि ती माझ्यामुळे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुमचं मत तुम्ही जिवंत असतानाही मी कधी मागितलं नव्हतं आणि आजही मागत नाही. पण शिकारीतलं आपल्याला कळतं असा आव आणणारा आपल्या घरात दुसरा कोणी नव्हता, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुमचा तो आव मला पाठ आहे. पाटबंधारे खात्यातली नोकरी, बंदुकीचा परवाना पिकं राखायचा, आणि रविवारी खात्याच्या जीपमधून तितर मारायला जायचं. शिकारीवर बंदी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, पण बंदी इतरांसाठी असते हेही तुम्हीच ठरवून टाकलेलं. डुकरासाठी आणलेली एल.जी.ची, म्हणजे जाड छर्र्यांची काडतुसं तुम्ही तितरावर झाडायचात. पेटीत जे हाताला लागेल ते. दमट होऊन फुगली असली तर गच्चीवर उन्हात वाळवून. आई एकदा म्हणाली, "अहो, एवढ्याशा पाखराला एवढाले छर्रे?" तर मिशीवरून हात फिरवत तुम्ही म्हणालात, "छर्रा मोठा असला की पाखरू जागेवर पडतं. तू पोळ्या बघ." कसलं डोंबलाचं जागेवर पडतं? मोठे छर्रे म्हणजे मोजके छर्रे. त्यांच्यामधून अख्खं तितर निसटून जातं, नाहीतर अर्धमेलं होऊन झुडपात मरायला जातं. कालव्याचं पाणी मोजणाऱ्या माणसाला एवढं साधं गणित कळू नये, याची मला अजून लाज वाटते.

तुम्ही ओसरीवर मित्रांना साठ पावलांवरच्या नेमाच्या थापा मारत बसायचात आणि आत आई मोरीपाशी बसून पाखरं साफ करायची. मी नऊ-दहा वर्षांची, तिच्याशेजारी ताटली धरून बसलेली. एका तितराच्या छातीतून ती एक बारीक छर्रा काढते. त्याच्याभोवती मांस घट्ट धरून आलेलं. "हा आजचा नाही," ती म्हणते आणि तो ताटलीत टाकते. "मागच्या कधीतरीचा. हा घेऊनच हिंडत होतं बिचारं." मी तो तुम्हाला बाहेर आणून दाखवला. तुम्ही मित्रांकडे बघून हसलात. "बघा, पळून पळून शेवटी माझ्याकडंच आलं." त्या दिवशी तुम्ही माझ्या मनातून उतरलात ते उतरलातच.

मी बंदूक हातात घेतली ती तुमच्या नाकावर टिच्चून. इथे परदेशात, एनस्खेडे शहराच्या बाहेर राहायला आल्यावर शिकारीची परीक्षा दिली, डचमधून, पन्नाशीत. शेजारचे शेतकरी आजोबा ऐंशीला टेकलेले. गुडघे गेले तेव्हा त्यांनी स्वतःच्या वडिलांची जुनी दुनाळी बंदूक माझ्या परवान्यावर चढवून दिली. इथे शिशाच्या छर्र्यांना बंदी आहे, आणि पोलादी छर्रे एवढ्या जुन्या नळ्यांना सोसत नाहीत. म्हणून बिस्मथ धातूचे मऊ छर्रे, तेही हलक्या बाराचे. आजोबांनी कुरणात चादरीएवढा कागद टांगला. तीन तऱ्हेची काडतुसं आणि वीस, तीस, चाळीस पावलं. प्रत्येक बारानंतर कागदापाशी जायचं आणि पेन्सिलीनं भोकं मोजायची. पाच नंबरच्या छर्र्यांनी तीस पावलांवर छान दाट जाळं धरलं. चाळीसवर मात्र भोकांच्या मधे अशी मोकळी भगदाडं, की कोंबडा उभाच्या उभा मावावा. आजोबा म्हणाले, "तीस. त्यापुढे ही बंदूक नाही आणि तूही नाहीस." दोन मोसम मी ते पाळलं. लांबची किती पाखरं नुसती बघत जाऊ दिली, आणि दरवेळी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घातल्या. त्यात मला फार बरं वाटायचं, हेही सांगून टाकते.

काल शनिवारी ओढ्यापलीकडून फेझंटचा, म्हणजे इथल्या रानकोंबड्याचा, नर उठला. सकाळपासून हाती काही लागलं नव्हतं. लांब होता, ते मला कळत होतं, तरी मी बार काढला. पिसं उडाली, त्याचा एक पाय खाली लोंबत राहिला आणि तो पंख ताणून पलीकडच्या लव्हाळ्यात उतरला. आजोबांच्या कुत्रीनं दोन तास सगळं लव्हाळं पिंजून काढलं. मिळाला नाही. आजोबा काठी टेकत आले. "किती पावलांवर होता?"

"तीस," मी म्हणाले. "कमीच असेल."

त्यांनी बंदूक माझ्या हातातून घेतली, उघडली आणि नळ्यांतून आभाळाकडे बराच वेळ पाहिलं. "मग ही म्हातारी झाली," ते म्हणाले. "तीसवर पाखरू जखमी करून सोडत असेल, तर हिच्यातून पुन्हा बार उडता कामा नये. सोमवारी बंदूकवाल्याकडे नेऊ, निकामी करून घेऊ. माझ्या वडिलांनाही हेच पटलं असतं." माझ्यावर त्यांनी क्षणभरही संशय घेतला नाही. घरी जाताना माझ्या खांद्यावर थोपटलं, वर मलाच "वाईट वाटून घेऊ नकोस" म्हणाले.

बेचाळीस पावलं होती, अण्णा. आज सकाळी मी एकटी जाऊन मोजली. आत्ता दुपारचे चार वाजलेत आणि आजोबा समोर अंगणातली पानं गोळा करताहेत. जाऊन सांगायला दोन मिनिटं पुरतील. सांगितलं तर दुनाळी वाचेल, पण ती पुन्हा माझ्या हातात येणार नाही, आणि ते तसं थोपटणारही नाहीत. ते सोडून मी इथे टेबलापाशी तुमच्याशी भांडत बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अगं, होतं असं. सोड." मला आज तेच ऐकायचं होतं, आणि ते म्हणेल असं तुमच्याशिवाय दुसरं कोणी आठवेना.