दाबायच्या बटणाचा कॅमेरा

इंदिरानगर, नाशिक

वैष्णवीच्या आजोबांना लंकाबाईचा नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. सुनेच्या घरात कुठं कुठं धूळ हाय, ते आता स्वच्छ दिसतं. तुम्ही वेळेवर जेवता का? म्हशीची धार कोण काढतं?

तुम्ही मागितलेला कॅमेरा घेतला. आपल्या लेकाला, महेशला घेऊन चार दुकानं फिरले, पाय पार गळून गेले. सगळे म्हणतात, "आजी, आता कॅमेरा कोण घेतं? मोबाईल घ्या." मी म्हटलं, मोबाईलवर त्यांचं बोट भलतीकडंच पडतं, दाबायचं बटण असलेला द्या. नवे लय महाग. चौथ्या दुकानात वापरलेला मिळाला, स्वस्त, खिशात मावणारा. हात हलला तरी त्यात फोटो हलत नाय म्हणे.

दुकानदारानं विचारलं, "हात कुणाचा थरथरतो?" महेशसमोर मी म्हटलं, "माझा."

जुना कॅमेरा म्हशीनं पाडला म्हणालात. त्या मुक्या जनावराला दोष देऊ नका. दिवाळीपासून तुम्ही चहाची बशी दोन्ही हातांनी धरता, ते मला ऑपरेशनच्या आधीबी दिसत होतं.

महेश उद्या गावी येतोय, त्याच्यासंगं ही चिठ्ठी देते. कॅमेरा देत नाय. तो इथं येऊन घ्यायचा. महेशच्याच गाडीत बसा. बुधवारी डॉक्टरची वेळ घेतलीय. महेशला अजून काही सांगितलं नाय, म्हणून कागदावर नाव माझं लिहिलंय. हात तेवढा तुमचा आणा.

वाद घालायला माझ्यात जीव उरला नाय, तेव्हा मुकाट्यानं या.

लंका