चमकी आणि दुसरी रेघ

मंगळ. ३ जून, डहाणू
आज माझ्या पितळी पेल्याला घरातून तडीपार करण्यात आलं. काल मी दोनदा शिंकलो, एवढाच गुन्हा. सुमनने पेला खिडकीत नेऊन ठेवला. म्हटलं, "पेल्याने काय केलं?" तर म्हणाली, "तुम्ही तोंड लावलंत." नवरा-बायकोच्या खटल्यात अपील नसतं.
शनिवारी बातमीसाठी तलासरीला गेलो होतो, बंद सभागृह, खच्चून गर्दी. तिथलंच असणार. जिग्नेशच्या औषधाच्या दुकानातून घरी करायची कोविडची किटं आणली. "काका, आता कोण घेते हे? धूळ पुसून देतो." कापसाची काडी नाकात फिरवली, डोळ्यांतून पाणी. दोन रेघा, म्हणजे कोविड.
सुमन : "पेला बरोबर ठेवला होता."
थट्टा इथे संपली. रविवारी कोसबाडला अक्काकडे जेवलो होतो. भाऊजींचं डायलिसिस चालू आहे.

बुध. ४
रिक्षावाल्याबरोबर अक्काला किटं धाडली. दुपारी तिचा फोन. "एकच रेघ आहे रे. मी ठणठणीत." आणि वाक्य संपायच्या आत खोकली. म्हणे मिरच्या कांडल्या.
"अक्का, थोडे दिवस वेगळ्या खोलीत झोप."
"एक रेघ आली ना? मग किट खोटं की तू?"
मागून भाऊजी : "त्याला विचार, पेला परत मिळाला का." (सुमनने तिकडे बातमी पोचवलेली. या घरात खरी बातमीदार तीच.)

शुक्र. ६
माझा ताप उतरला. खोकला आहे. भाऊजी डायलिसिसला जाऊन आले. शेजारच्या खाटेवर कोण होतं कुणास ठाऊक.
पाठशाळेत गुरुजी विचारायचे, खोलीत घडा दिसत नाही, म्हणजे घडा नाही, असं केव्हा म्हणता येईल? आम्ही पोरं एका सुरात : दिवा असेल तेव्हा. अंधारात न दिसणं हा पुरावा नव्हे. तेव्हा वाटायचं, असल्या गोष्टींचा कोण खल करत बसतं. आता बसलोय. दोन रेघा आल्या तर मानाव्या. एकच आली, तर आधी विचारावं, काडी गेली होती कुठवर?

रवि. ८
अक्काला व्हिडिओवर घेतलं. "माझ्यासमोर कर." तिने उजव्या नाकपुडीच्या उंबऱ्यावर काडी टेकवली आणि काढली. डावीकडे गेलीच नाही. डावीकडे चमकी. आतली फिरकी टोचते.
"काढ ती."
"लग्नात घातली ती आजवर काढली नाही. परवा वटपौर्णिमा, हे असे आजारी, आणि तू चमकी काढायला सांगतोस?"
"शास्त्रात असं कुठेही लिहिलेलं नाही," मी म्हणालो. शास्त्रात काय आहे नि काय नाही, मला काय माहीत! पाठशाळेत मी घड्याच्या पुढे गेलोच नव्हतो. पण आवाज चांगला लागला.
मग भाऊजीच उठले. "शिकलेला माणूस म्हणतोय. ये इकडे." बोटाला साबण लावून फिरकी सोडवायला लागले. अक्का डोळे मिटून बसली होती, लहान मुलीसारखी.
मग काडी दोन्हीकडे आतवर गेली, आणि दुसरी रेघ लगेच उमटली. गडद.

मंगळ. १०
वटपौर्णिमा. सुमनने घरातच पूजा केली, मला नमस्कार केला, लांबून.
भाऊजींना पहाटेपासून ताप. त्यांचं किट : एक रेघ. या खेपेला कुणीच विश्वास ठेवला नाही. डायलिसिस सेंटरवाले म्हणतात, आरटीपीसीआरचा निकाल आल्याशिवाय इथे नाही. संध्याकाळी धाप वाढली. वापीच्या इस्पितळात नेलं. अक्काला गाडीत घेतलं नाही.

बुध. ११
माझी एक रेघ. पेला परत मिळाला, चिंचेने घासून. चहा गोड लागला नाही.
वापीहून काही नवीन नाही. ऑक्सिजन चालू. आरटीपीसीआर पॉझिटिव्ह.
एक गोष्ट आज सुचली. रविवारी उजवीच नाकपुडी आतपर्यंत नीट करून घेतली असती, तर कदाचित तेवढ्यानेही कळलं असतं. किटच्या कागदावर दोन्ही लिहिलंय, म्हणून मी दोन्हीवर अडलो.
अक्काचा फोन. घरात एकटीच. चमकी कुंकवाच्या करंड्यात ठेवलीय.
"घाल ना परत," मी म्हटलं.
"फिरकी बसत नाही रे माझ्याच्याने. हे आले की बसवतील."
मी बरं म्हणालो.
उद्या काही विपरीत झालं, तर ती विषाणूला बोल लावणार नाही, मलाही लावणार नाही. त्या रिकाम्या नाकाला लावील, जन्मभर. मला तिला समजावता येणार नाही.
पण तेही नंतरचं. आत्ता भीती एवढीच वाटते, की भाऊजी परत येणार नाहीत.