छकुलीची पत्रिका आणि वहिनींचा पासवर्ड

मु. पो. कळंब, ता. इंदापूर
एप्रिल १९९८

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या सूरजचा दंडवत. भिलाईच्या भट्टीशेजारी तुमची तब्येत बरी असावी. इथं आई ठणठणीत आहे, म्हणजे मला दिवसभर बोलू शकते आहे. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला रजा मिळत नाही हे तुमचं पत्र पोचलं. वहिनींनी ते वाचलं आणि पापड लाटायला गेल्या.

तर छकुलीच्या लग्नपत्रिकेतला नावांचा क्रम एकदाचा ठरला. दत्तोबातात्या वर की सिद्धूमामा वर, यावरून लग्न मोडायची पाळी आली होती. दोघं कसेबसे राजी झाले आणि मी मजकूर माझ्या कॉम्प्युटरवर उतरवला. छापखान्यासाठी फ्लॉपी भरणार, तोच वीज वेडीवाकडी आली नि मशीन जळालं. (मामा म्हणाले, मशीनला उदबत्ती लावली नसशील.) ठरलेला क्रम त्यातच राहिला, आणि पुन्हा बैठक बसवली असती तर या खेपेला डोकीच फुटली असती.

म्हणून आतली हार्ड डिस्क काढली, आईच्या लुगड्यात गुंडाळली, एसटीत मांडीवर घेतली (शेजारच्या बाईंनी मुलगा की मुलगी विचारलं) आणि बारामतीला वहिनी शिकवतात त्या टायपिंग क्लासात गेलो. तिथल्या मशीनला ती जोडली, पण मशीन तिला ओळखच दाखवीना. नवी डिस्क आली की आधी सेटअपमध्ये जाऊन मशीनला तसं सांगावं लागतं, आणि सेटअपला पासवर्ड! पोरांनी चाळे करू नयेत म्हणून वहिनींनी घातलेला. वहिनींचं स्वतःचं मनिषा, मग छकुली, खंडोबा, सगळे घालून पाहिले. (आतला सेल काढला असता तरी पासवर्ड पुसला गेला असता, हे दुसऱ्या दिवशी कळलं.)

वहिनी घरी लग्नाच्या कामात, म्हणून शेवटी बूथवरून आपल्या शेजारच्या झुंबरबाईंकडे फोन लावला. वहिनी आल्या, पण पासवर्ड सांगेनात. "कसं सांगू भावजी? आत्याबाई हितंच उभ्या हायत." मी ओरडलो, तिकडून आई ओरडली, बूथबाहेरची रांग ओरडली. मग अगदी हळू आवाज आला:

"मळ्याच्या कडंनं वाहतो पाट, बिरूदेवांची बघते मी वाट."

नीट ऐकलं ना म्हणून मी ते मोठ्यानं पुन्हा म्हटलं, तशी रांगेतून 'वा वा' आली. दादा, खोटं कशाला सांगू, मला मात्र फार वाईट वाटलं. बिरूदेव, तुमचं नाव टाकलं, सेटअप उघडला, डिस्क सापडली आणि पत्रिका जशीच्या तशी समोर आली. छापूनही झाली. बाकी क्षेम.

तुमचा,
सूरज

ता. क. तात्या आणि मामा राजी कसे झाले ते राहिलंच. दोघांच्याही वर तुमचं नाव घातलंय. तुम्ही मांडवात दिसला नाहीत, तर मी जबाबदार नाही.

आणखी ता. क. वहिनींनी पासवर्ड बदललाय. मी विचारला तर म्हणाल्या, "ज्यांना पायजे त्यांनी हितं येऊन इचारावा. त्यांच्या कानात सांगीन."