शेकलेला ड्रम

भवानी पेठ, सोलापूर
ता. १० सप्टेंबर १९७७

ती. सौ. सोनाआक्कास,
धाकट्या वच्छीचा शि. सा. न. वि. वि.

समदी खुशाल हाय असं आधी लिवायचं असतंय, पर मी खुशाल न्हाय. बाळी बरी हाय, दूध पिती, मूठ चोखती. माझ्या हातनं लई मोठा घोळ झालाय.

तुला ठावं हाय, ह्यांनी मिलमधल्या दोस्तांबरं ‘उमेद’ बँड काढलाय. लग्नातला न्हवं. हरिबाकडं अमेरिकेतल्या काळ्या लोकांची एक रेकॉर्ड हाय. तसं पोटातनं, जीव काढून गायचं, पर आपल्या बोलीत. गातात हे, हरिबा कॉर्नेट फुंकतो, येडू ड्रम वाजवतो, आन् एक गिटारवाला हाय. गणपतीत मैदानावर मेळावा हाय, तितं ह्यांची बारी लागलीया. सासूबाईंनी बजावलंय, ह्या टायमाला लोकं हासली तर गाणं कायमचं बंद. ह्यांनी कबूल केलंय.

येडूची खोली गळती म्हणून ड्रम आमच्याकडं. काल मी बोट वाजवून बघितलं तर पावसाळी हवेनं ढिल्ला लागला. आपलं आप्पा हलगी जाळावर शेकत्यात की न्हाय, तसा मी शेगडीवर धरला. आक्का, त्याचं पान कातड्याचं न्हाय, प्लास्टिकचं! ताणायचं सोडून वितळलं. घरभर वास. मी उदबत्ती लावली आन् ड्रमवर लुगडं टाकलं. नवं पान मुंबईस्नंच येतंय म्हणं.

आजून कुणाला कळलं न्हाय. ह्यांचं गाणं माझ्या हातनं मेलं बघ. सासूबाई मला बाळीसकट तिकडं धाडतील. काय करू ते लगोलग कळीव.

माया पातळ करू नगं.
तुझी वच्छला

मंगळवेढा
ता. १२ सप्टेंबर १९७७

चि. सौ. वच्छलास,
सोनाआक्काचे लई लई आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हासले, मग डोळं पुसलं. ल्हानपणी फुटलेलं गाडगं कोंबडीच्या डालीखाली लपवलं हुतंस, तशीच हायस आजून.

आप्पांना सांगायचं न्हवतं, पर माझ्या पोटात ऱ्हातंय व्हय काय? ते म्हणलं, पोरीनं शेकायची रीत बरूबर केली, वस्तू चुकली. मग खुंटीवरनं हलगी काढली आन् पुसत बसलं. बुधवारच्या यष्टीनं येत्यात. त्यांचा गुडघा दुखतोय, जिना उतरताना हात दे.

पर त्याच्या आधी तुझ्या मालकांना, सिद्धनाथरावांना, तूच सांग. आप्पा हलगी घिऊन दारात उभं ऱ्हायल्यावर त्यांना कळलं तर बरं दिसायचं न्हाय. दोन शब्द बोलतील, ऐकून घे. बाळीला माझा मुका.

आठवण ठेवणारी,
तुझी आक्का

भवानी पेठ, सोलापूर
ता. १८ सप्टेंबर १९७७

ती. सौ. सोनाआक्कास,
वच्छीचा शि. सा. न. वि. वि.

ह्ये पत्र भ्यानं लिवलेलं न्हाय.

हे जेवायला बसले तवा सांगितलं. ह्यांनी घास तसाच ठिवला, लुगडं उचलून ड्रम बघितला आन् हात न धुताच भाईर गेले. मला वाटलं, संपलं. तर येडूला आन् हरिबाला घिऊन आले. येडू माझ्याशी बोलंना. मी आप्पांचं सांगितलं तर हरिबा फिस्कटलाच, म्हणला गिटारीसंगं हलगी म्हंजे जत्रा करायची का.

आप्पा आले, च्या प्याले आन् म्हणले, तुमी गावा, जमलं तर वाजवतो, न्हायतर सांजच्या गाडीनं जातो. ह्यांनी गाणं उचललं. दुसऱ्या ओळीला आप्पांनी असा काही ठेका धरला, आक्का, की हरिबाचं खांदं आपोआप हलाया लागलं. येडूनं गुमान ड्रमची थाळी वढून घेतली आन् आप्पांच्या शेजारी बसला.

काल मेळावा. नेमकी भुरभुर. मंडपामागं लाकडाच्या ढलप्यांचा जाळ करून हलगी मीच शेकली. बाळी सासूबाईंच्या मांडीवर. हलगी बघून फुडल्या रांगेतली पोरं वरडली, तमाशा आला, तमाशा आला. सासूबाईंनी वळून माझ्याकडं बघितलं.

मग हे गायला लागले. गाणं त्यांनीच जुळवलंय. रातपाळी करून माणूस घरी येतो, दार वाजवतो आन् इचारतो, हाय का कुणी? पयल्यांदा हलगीनं जबाब दिला. मग ह्यांनी हात वर करून हलगी थांबवली आन् लोकांनाच इचारलं. आक्का, समदं मैदान म्हणलं, हाय! म्हातारी माणसं उठून उभी. तीच फुडली पोरं खांद्यावरचं पटकं उडवत हुती. हरिबा रडत रडत कॉर्नेट फुंकत हुता. फुडची पार्टी बाजं घिऊन खोळंबली, पर लोकं ह्यांना उतरूच दीनात. आप्पा तर गुडघा इसरून नाचले.

आन् सांगू? मला ऱ्हावलं न्हाय. चारचौघांत मी ह्यांचं नाव घेतलं. उखाण्यात न्हाय, नुसतंच, मोठ्यानं वरडून. मग जीभ चावली, कारण सासूबाई खेटूनच बसल्या हुत्या. त्यांनी बाळीला छातीशी धरलं, माझ्या कानाशी तोंड आणलं आन् म्हणल्या, आजून मोठ्यानं घे की, त्येला ऐकू गेलं न्हाय.

अशीच माझी ऱ्हा.
तुझी वच्छला