टॉवेलची निळी किनार

लातूर, शनिवार, संध्याकाळ

स्वतःलाच म्हणतो, वक्तेमहाशय, आख्खी सभा आपलं ऐकते आणि घरात पोरगीही ऐकत नाही! आज मात्र मीच तिचं ऐकायला हवं होतं.

उद्या नांदेडला राणीची नेमबाजीची स्पर्धा. दुपारी ती रायफलची नळी साफ करत होती. पुल-थ्रू म्हणजे साधी दोरी. तिचं वजनाचं टोक मागून नळीत सोडायचं, शेवटाला चिंधी अडकवायची आणि पुढून ओढायचं. राणीची चिंधी मला फार बारीक वाटली. मी सत्कारात मिळालेल्या टॉवेलचा निळ्या किनारीचा तुकडा कापून लावला. तो मधेच अडकला. मी हिसके दिले.

"बाबा, नळी हाय ती, सभा न्हाई! जोर लावून काय होतंय?"

शेवटी तुकडा निघाला. एसटी चुकेल म्हणून तिनं नळीत न बघताच रायफल पेटीत घातली आणि गेली.

आता तो तुकडा माझ्यासमोर आहे आणि त्याला निळी किनार नाही. खाट सरकवली, खोली झाडली. कुठंच नाही. नळीतच राहिली असेल तर? अडलेल्या नळीत गोळी झाडली की नळी फुटू शकते, आणि राणीचा गाल रायफलला टेकलेला असतो.

सांगितलं तर स्पर्धेआधी तिचं मन बिथरेल. की मलाच लाज वाटतेय? ती निळी किनार...

पेन ठेव. फोन उचल आणि सांग: बोल्ट, ती नळीमागची खिट्टी, काढ, नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय एकही गोळी भरू नकोस.